गंधार चढलाय

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे लहानपणी गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम, नव्हता. आमच्या सांगलीच्या कॉलनीत कुणाकडेच नव्हता, तो फक्त दुबईवाल्या मामांच्या गोष्टींत असायचा. आमच्याकडे होता तो ब्रिक गेम, वर '९९९९ इन १' छापलेला, ज्यात खरे गेम दहा-बाराच आणि बाकीचे तेच गेम जरा जास्त स्पीडने. त्यामुळे चिपट्यून, म्हणजे जुन्या गेमयंत्रांच्या चिपवर संगीत, करणारे लोक ते डोळे मिटून "चाइल्डहूड, यार" वगैरे म्हणतात ना, ते मला लागू नाही. मी गेमबॉय घेतला तो चौतिसाव्या वर्षी, सेकंडहँड, जपानहून आलेला, मागचं सेलचं झाकण गायब असलेला, आणि खेळायला नाहीच, पेटीसारखा वाजवायला.

हा पहिला गेमबॉय, राखाडी, विटेसारखा, १९८९ चं मॉडेल. चार पेन्सिल सेल आणि आवाजाचे चार चॅनल. दोन पल्सचे, म्हणजे चौकोनी लाटेचे. तिसरा वेव्ह, ज्यात ३२ ठिपक्यांची लाट आपल्याला हवी तशी काढता येते, पण प्रत्येक ठिपक्याला १६ च उंच्या. चौथा नॉइज, नुसता खरखराट, त्यातूनच हायहॅट काढा नाहीतर स्नेअर काढा. संपलं. ही आवाजाची यंत्रणा बनवण्यात हिरोकाझु तानाका यांचा हात होता, जे स्वतः निन्टेन्डोच्या गेम्सचे संगीतकार, आणि ते जाणवतं, म्हणजे कुणा रांधणाऱ्यानेच घराचा ओटा बांधलाय असं काहीतरी वाटतं, कमी जागा पण हात जातो तिथे वस्तू आहे.

ह्याच्यावर संगीत करायचं तर दोन मुख्य रस्ते, दोन्ही कार्ट्रिजवरचे प्रोग्रॅम. एक नॅनोलूप, जर्मनीच्या ऑलिव्हर विट्चोचं, १९९८ चं. दुसरं एलएसडीजे, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीचं, २००० सालचं, मी हेच वापरतो. कार्ट्रिज घालायची, चालू करायचं, की समोर गेम नाही, हिशेबाची वही उघडते. खरंच, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस पतपेढीची लेजर बघतोय. चार उभ्या रकान्यांत आकडे, प्रत्येक आकडा म्हणजे एक चेन, चेनमध्ये फ्रेज, फ्रेजमध्ये १६ ओळी, ओळीत स्वर. आणि मोजणी सोळाची, नऊनंतर दहा नाही, ए येतं, मग बी, सी, असं करत एफ. ए बटण दाबून धरून डावं-उजवं केलं की अर्धा स्वर खालीवर, वर-खालचं केलं की अख्खं सप्तक. पहिला महिना मी फक्त चुकीच्या सप्तकात होतो.

शिवनेरीत पुणे-मुंबई करताना मी हे काढून बसायचो. एकदा शेजारच्या सीटवरचा सातवी-आठवीतला मुलगा बराच वेळ डोकावून बघत होता, शेवटी त्याने विचारलं, "काका, ह्यात मरतं कधी?" मी म्हटलं ह्यात कुणी मरत नाही. तो परत मोबाईलकडे वळला.

मरतं म्हणजे तसं मरतं, पण वेगळ्या प्रकारे. कार्ट्रिजमध्ये गाणी जी सेव्ह राहतात ती आतल्या बटणसेलच्या जिवावर. माझ्या पहिल्या कार्ट्रिजमधला सेल ज्याच्याकडून घेतली त्याच्या म्हणण्यानुसार "एकदम नवीन" होता. अकरा गाणी होती त्यात, त्यातली दोन बरी. एका रविवारी सकाळी चालू केलं तर लेजर कोरी, पहिल्या दिवसासारखी. तेव्हापासून मी दर आठवड्याला कॉम्प्युटरवर कॉपी काढतो. आणि त्या दोन बऱ्या गाण्यांतलं एकही मला परत आठवून करता आलं नाही, म्हणजे बहुतेक तीही बरी नसावीत.

आता चार चॅनल कधी ना कधी कमी पडतातच. पल्सवर सूर, वेव्हवर बास, नॉइजवर तालाचं सगळं, की मग किक ड्रमला वेव्ह उसना घ्यावा लागतो आणि बास अडखळतो. म्हणून लोक बाजूला दुसरी यंत्रं लावतात. मी कॉर्गचा व्होल्का बीट्स घेतला, छोटा ड्रम मशीन, डब्यासारखा. प्रश्न असा की दोघांनी एका लयीत चालायचं कसं. गेमबॉयला मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सोय, नाही, त्याच्या कडेला फक्त लिंक केबलचं भोक आहे, दोन पोरांनी एकमेकांविरुद्ध टेट्रिस खेळावं म्हणून दिलेलं. त्या भोकातून येणारे ठोके आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येतो अशा छोट्या बोर्डाने, पकडून मिडी करून पुढे पाठवायचे, ह्याला आर्डुइनोबॉय म्हणतात, प्रोग्रॅम फुकट मिळतो, वायरिंग आपलं आपण करायचं.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन पाच पिनचं मिडी सॉकेट, दोन रेझिस्टर आणि थोडं सोल्डर आणलं. "मिडी सॉकेट" म्हटल्यावर दुकानदाराला कळलं नाही, "जुन्या टेपरेकॉर्डरची डिन पिन" म्हटल्यावर लगेच काढून दिली. लिंक केबल मधोमध कापली तेव्हा आत सहा रंगांच्या वायरी, आणि मी नेटवरच्या चित्राप्रमाणे लाल म्हणजे पॉवर धरून चाललो होतो. नशीब की आधी मल्टिमीटर लावून बघितलं. ह्या केबलींमध्ये रंगांना काहीच अर्थ नसतो, ज्या कारखान्यात त्या दिवशी जी वायर होती ती लावलेली असते. तेव्हा एकेक पिन धरून बीप ऐकत बसायचं, कागदावर लिहायचं, मगच जोडायचं.

पहिल्यांदा स्टार्ट दाबल्यावर दोन्ही यंत्रं एकदम सुरू झाली तो क्षण मी लिहिणार नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पण अर्ध्या तासात लक्षात आलं की काहीतरी तिरकं वाजतंय. मिडीमध्ये एका मात्रेला २४ ठोके जातात, एलएसडीजेची एक ओळ सहा ठोक्यांची, व्होल्काची एक पायरीही सहाचीच, सगळं नीट. पण मी एलएसडीजेमध्ये ग्रूव्ह बदलून ८ आणि ४ केला होता, म्हणजे एक ओळ लांब एक ओळ आखूड, जरा झुलता ठेका यावा म्हणून. गेमबॉय झुलत होता, व्होल्काला ते कुणी सांगितलंच नव्हतं, त्याला फक्त सारखे ठोके मिळत होते आणि तो इमानदारीत सहाव्यावर वाजवत होता जेव्हा गेमबॉय आठव्यावर यायचा. सम गाठायचे दोघं बरोबर. दर दुसऱ्या ओळीला मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना, लग्नात आहेराच्या फोटोला उभे केलेले भाऊ असतात तसे.

मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं, ८०८, ३०३ आणि ज्युपिटर ८, एकत्र चालवून राग वाजवले होते. मिडी आला १९८३ मध्ये. म्हणजे हा माणूस हे सगळं मिडीच्या आधी करून बसला होता आणि मी इथे डिन पिन घेऊन घाम पुसतोय. असो.

तर असं सगळं जमवून, आर्डुइनो एका सुपारीच्या डब्यात बसवून, गेमबॉय, व्होल्का, छोटा मिक्सर आणि एक स्पीकर असं गाठोडं घेऊन मी गणपतीत मिरजेला गेलो. दाखवायला. खोटं कशाला बोलू, दाखवायलाच.

मिरजेचे काका म्हणजे वडिलांचे मावसभाऊ. तंबोरे आणि सतारी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मिरजेच्या ह्या कामाला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा मी कौतुकाने फोन केला, तर म्हणाले, "मिळाला, चांगलं झालं, आता भोपळे स्वस्त होणार का तेवढं विचार." भोपळे पंढरपूरकडून येतात, कडू जातीचे, वाळवलेले, आणि काकांच्या कामाच्या खोलीत ते एकावर एक रचलेले असतात, मधे जरा वाट, खिडकीपाशी बैठक, समोर कानशी, लाख, आणि एक रेडिओ जो मी कधी चालू बघितला नाही.

मी तिथेच मांडामांड केली. एलएसडीजेमध्ये मी भूप केला होता. एका पल्सवर सा धरून ठेवलेला, अर्धी-अर्धी लाट म्हणजे ५० टक्के, दुसऱ्या पल्सवर चाल, ती साडेबारा टक्क्यांवर कारण त्याने आवाज बारीक आणि धारदार होतो. खाली व्होल्काचा ठेका. काका ऐकत होते, हातातली कानस हातातच. दीडेक मिनिटाने म्हणाले, "ते ढोलकं बंद कर."

व्होल्का बंद केला.

"आता परत लाव."

लावलं. त्यांनी मान तिरकी केली, एक कान स्पीकरकडे. "सा बराबर हाय. पंचम पण चालतोय." आणि मग, "गंधार चढलाय की रं."

मी म्हटलं काका, मशीन आहे, चढेल कसा, फिक्स असतो. "म्हणून तर सांगतोय," म्हणाले, "माणसाचा असता तर सांगितलं नसतं, त्यानं आपआपला उतरवला असता. ह्यो पेटीचा गंधार हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेटीवरचं हे भांडण फार जुनं आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे कुठूनही सा धरता येतो, पण त्या सोयीसाठी काही स्वर जरा इकडेतिकडे ढकलावे लागतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. पंचम दोनच सेंट हलतो, कुणाला कळत नाही. गंधार मात्र चौदा सेंट चढतो, अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले तर. आणि भूप म्हणजे तर गंधाराचाच राग, तिथेच जाऊन बसायचं असतं. मी नेमकं तेच गाणं घेऊन गेलो होतो.

काकांनी भिंतीला टेकवलेला तंबोरा घेतला आणि फक्त खर्जाची तार छेडली. "ऐक. वाजवतोय काय? सा. ऐकू काय येतंय?" स्वयंभू गंधार ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती, म्हणजे वाचली होती, की खर्जातून गंधार आपोआप निघतो. प्रत्यक्ष त्या खोलीत, भोपळ्यांच्या मधे, तार विझत आली तेव्हा तो वर तरंगताना खरंच ऐकू आला. "आता तुझं ते दाब. नुसता सा." मी चाल बंद करून नुसता पल्सचा सा लावला. काकांनी डोळे मिटले. "हे बघ, ह्याच्यात पण हाय की. बराबर हाय. तुझं खेळणंच गंधार देतंय आणि वरनं तूच दुसरा लावतोयस."

त्याचं गणित मला परत येताना गाडीत जुळलं, कराडच्या आसपास. अर्ध्या-अर्ध्या चौकोनी लाटेत मूळ स्वराच्या फक्त विषम पटी असतात, तिप्पट, पाचपट, सातपट. तिप्पट म्हणजे वरचा पंचम. पाचपट म्हणजे गंधार, तोच शुद्ध, तंबोऱ्यातला. म्हणजे माझा धरून ठेवलेला सा स्वतःच बरोबर गंधार गात होता आणि माझ्या चालीतल्या गंधाराचे वरचे सूर त्याच्याशी घासून सेकंदाला नऊ-दहा वेळा डगडगत होते. हे मी तीन महिने ऐकत होतो आणि त्याला "चिपट्यूनचा कॅरॅक्टर" समजत होतो.

पुण्यात आल्यावर गेमबॉयची तांत्रिक कागदपत्रं उघडली. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून ह्या यंत्राची पै न पै लिहून ठेवलीय. पल्सचा स्वर असा ठरतो: १३१०७२ ह्या आकड्याला एका पूर्णांकाने भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये. तो पूर्णांक १ ते २०४८ मधला कुठलाही. एवढंच. बारा स्वर, पेटी, पाश्चात्त्य, भारतीय, ह्यातलं त्या चिपला काही म्हणजे काही माहीत नाही. ते बारा सारखे तुकडे एलएसडीजेमध्ये आहेत, आणि ते असणारच, ज्या संगीतासाठी ते लिहिलं त्याला तेच लागतात. पण मी ते यंत्राचं समजून बसलो होतो.

चिपट्यूनच्या गप्पांमध्ये मर्यादा हा शब्द अगरबत्तीसारखा फिरवतात, चार चॅनल, मर्यादा, मर्यादेतून कला, वगैरे. मीही फिरवलाय. न्यूयॉर्कला २००६ पासून काही वर्षं चिपट्यूनचा ब्लिप फेस्टिव्हल व्हायचा, त्याचे व्हिडिओ बघून मी मित्रांना हेच ज्ञान दिलंय. पण त्यातली कुठली मर्यादा लोखंडाची, कुठली कुणीतरी सोयीसाठी घातलेली आणि कुठली आपणच न बघता मान्य केलेली, हे मी तरी कधी तपासलं नव्हतं. लोखंडाची मर्यादाही आहेच बरं का, आणि ती जास्त गमतीची आहे. पूर्णांकानेच भागायचं असल्यामुळे खालच्या स्वरांत बारीक फरक करता येतो आणि वर जावं तसं अंतर वाढत जातं. ४४० च्या आसपास ४३९.८ मिळतो, त्याच्या पुढचा थेट ४४१.३. आणखी दोन सप्तकं वर १७६० हवा असेल तर १७४८ घ्या नाहीतर १७७१ घ्या, मधे काही नाही. एलएसडीजेमधल्या वरच्या सुरांचा जो जरासा पोरकट बेसूरपणा असतो तो हा.

काकांना फोन केला. त्यांना हे भागाकार वगैरे कसं सांगायचं कळेना, म्हणून नुसते आकडे सांगितले. म्हटलं समजा सा ला ९६० ठेवला तर पंचमाला ६४० येतो, वरच्या सा ला ४८०. मध्यमाला ७२०. गंधाराला ७६८.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "हे तर पडद्याचे आकडे झाले."

म्हणजे?

"अरे सतारीचे पडदे. तार अर्ध्यात दाबली की वरचा सा, तीनात दोन भाग ठेवले की पंचम. तुझी तार ९६० ची हाय एवढंच."

मी फोन धरून बसलो. बरोबरच होतं. भागायचा आकडा जेवढा मोठा तेवढा स्वर खाली, तार जेवढी लांब तेवढा स्वर खाली, एकच गोष्ट. अहोबल पंडितांनी सतराव्या शतकात वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगितल्या, ते शाळेतल्या संगीताच्या पुस्तकात होतं, परीक्षेला येतं म्हणून पाठ केलं होतं. जपान्यांनी सेलवर चालणाऱ्या खेळण्यात २०४८ घरांची तार बसवून ठेवली होती, आणि ती ओळखायला मिरजेतून फोनवर कान लावलेला माणूस लागला.

९६० मी सहज म्हणालो नव्हतो, दोन रात्री आकडे चाळून काढला होता. त्याला बरेच भाग जातात, म्हणून गंधार, मध्यम, पंचम, धैवत (५७६), निषाद (५१२) सगळे पूर्णांकात नेमके बसतात. रिषभ तेवढा बसत नाही, ८५३ आणि एक तृतीयांश येतो, पण तिथे ८५३ घेतला तर फरक एका सेंटच्याही आत. मंद्र पंचम १२८०. आणि ९६० चा सा म्हणजे १३६.५ हर्ट्झ, काळी एकच्या किंचित खाली, म्हणजे पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याचीच पट्टी. वेव्ह चॅनलला तोच ९६० दिला की तो आपोआप एक सप्तक खाली वाजतो, म्हणजे खर्ज. आणि चिपमध्ये हा आकडा २०४८ मधून वजा करून लिहावा लागतो, ते १०८८ होतात, त्याचं सोळाच्या मोजणीत होतं ४४०. ह्याला काही अर्थ नाही, निव्वळ योगायोग आहे, पण ज्या ४४० वर जगभरचे लोक आपली वाद्यं लावतात तोच आकडा वेगळ्या वेशात आपल्या सा च्या दारात उभा, हे बघून मी रात्री दीड वाजता एकटाच हसलो आणि बायको उठली.

मग जीबीडीके, म्हणजे गेमबॉयसाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं, घेऊन सी भाषेत स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका गेमबॉयवर तंबोरा: पहिल्या पल्सवर पंचम, दुसऱ्यावर जोडीचे सा, वेव्हवर खर्ज. दुसऱ्या गेमबॉयवर भूप, बटणांना स्वर वाटून दिलेले, वरच्या बाणाला गंधार. गंमत म्हणजे सहा महिने जी सिंकची केबल मी जिवापाड जपली तिची इथे गरजच नव्हती. तंबोरा कधी ठेक्याबरोबर छेडतात का? तो त्याच्या संथपणाने चालतो, खाली ताल काही का असेना. सुपारीचा डबा परत कपाटात गेला.

सूर लागले, तरी तंबोरा काही होईना. पहिली अडचण विझण्याची. पल्सच्या आवाजाच्या पंधरा पायऱ्या, आणि चिपकडून जास्तीत जास्त सावकाश उतरवला तरी एक पायरी सेकंदाच्या ७/६४ भागाची, म्हणजे सगळा मिळून १.६४ सेकंदात आवाज गुल. खऱ्या तारेचा तेवढ्यात श्वाससुद्धा होत नाही. मग मी उतरवणंच बंद केलं, सूर चालूच ठेवला आणि छेडल्याचा भास दुसऱ्याच गोष्टीने द्यायचा ठरवला. जवारीने.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित गोलवा असतो, तार त्यावर लोळते आणि तो झणत्कार येतो. ते घासून काढणं हेच मोठं काम, काका म्हणतात हाडावर काम करतोय पण ऐकत बसावं लागतं, बघून होत नाही. खुली जवारी म्हणजे झण्ण उघडा आवाज, बंद म्हणजे गोल, मिटलेला. आणि पल्सची रुंदी बदलली की नेमकं असंच काहीतरी होतं. साडेबारा टक्क्यांवर जवळजवळ सगळ्या पटी असतात, दर आठवी तेवढी गायब, म्हणून तो उघडा. पंचवीसवर दर चौथी गायब. पन्नासवर दर दुसरी, म्हणून तो मिटलेला. (पंचाहत्तर पण आहे, तो कानाला पंचवीससारखाच ऐकू येतो, का ठेवलाय देव जाणे.) तर प्रत्येक छेडीला साडेबारावर सुरू करायचं, मग पंचवीस, मग पन्नासवर येऊन थांबायचं. खुली ते बंद, तीन पायऱ्यांत. अंधारात ऐकलं तर, आणि ऐकणाऱ्याची इच्छा असेल तर, तार छेडल्यासारखं वाटतं. वेव्हला असली रुंदीच नाही, तिथे मी ३२ ठिपके हाताने मांडत बसलो, आठवडाभर, ठिपका वर, ऐक, ठिपका खाली, ऐक. आवाजाच्या तिथे तीनच पातळ्या, पूर्ण, अर्धा, पाव, त्यामुळे खर्ज जिना उतरल्यासारखा खाली येतो, त्याला इलाज सापडला नाही.

फेब्रुवारीत परत मिरजेला गेलो, ह्यावेळी दोनच गेमबॉय आणि स्पीकर, अॅडॉप्टर मुद्दाम नेला नाही कारण त्याने मिक्सरमध्ये घुमघुम येते, सेलवर आवाज स्वच्छ.

काकांनी बराच वेळ ऐकलं. मी गंधार धरून ठेवला. ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मग म्हणाले, "ही वरची जवारी कुणी काढली?" म्हटलं मीच, तीन पायऱ्यांची आहे. "दुसऱ्या पायरीवर जरा जास्त थांब, घाई करतोयस." मी तिथेच लॅपटॉप काढून एक आकडा बदलला, १० चा १६ केला, परत कार्ट्रिजमध्ये टाकला. त्यांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच ते कळलं नाही.

मग त्यांना वाटलं आपला तंबोरा बरोबर लावून बघू. लावला तर पट्टी जुळेना, त्यांचा काळी एकवर पक्का, माझा सव्वीस सेंट खाली. मी म्हटलं थांबा, बदलतो, ९४५ घेतला की काळी एक होते. पण म्हणतानाच लक्षात आलं की ९४५ मध्ये रिषभ नेमका बसतो, पण वरच्या सा ला चारशे साडेबहात्तर येतो, साडे म्हणजे अर्धा, आणि अर्धा चालत नाही. मध्यमही जातो. मी आकडे पुटपुटत बसलो.

"राहू दे तुझं," काका म्हणाले, "त्याला उतरता येत नाय ना? मी उतरवतो."

त्यांनी खुंट्या एकेक सैल केल्या, तारा खाली घेतल्या, घोडीखालचे मणी बोटाने सरकवत स्पीकरकडे कान लावून बसले. पंचम आधी जुळला. जोडीच्या दोन्ही मिळाल्या. खर्जाला वेळ लागला, कारण माझा खर्ज मधेच जिना उतरायचा आणि ते "आं" करून थांबायचे, परत वर येईपर्यंत. शेवटी तो पण मिळाला, आणि स्पीकरचा आवाज तंबोऱ्यात असा काही शिरला की मला मधे दोनदा वाटलं गेमबॉय बंद पडला. काकूंनी आतून विचारलं, कोण आलंय गायला?

गेमबॉयचा लाल दिवा तोवर मंद व्हायला लागला होता. काकांनी तो बघितला. तंबोरा तसाच छेडत विचारलं, "ह्याला सेल किती लागतात?"

चार, म्हटलं.

"कोपऱ्यावर मिळतात. पोराला पाठवतो. तू बंद करू नको, आत्ताच लागलाय."